काळी गिटार मेंढरांच्या तळावर

मित्रांनो, मी एक गिटार आहे, पण माझ्या अंगात लाकडाची ढलपीसुद्धा नाही. हसू नका! केसाहून बारीक असे कार्बनचे काळे धागे असतात. त्यांचं कापड विणलं, ते चिकट राळेत भिजवून साच्यात बसवलं आणि भट्टीत भाजलं, तेव्हा कुठे मी झाले. तारा मात्र माझ्या नायलॉनच्या, बोटांना मऊ, आणि आवाजही मऊच. मी काही फार जुनीपुराणी नाही. पण एवढ्या थोड्या दिवसांत जे पाहिलं, त्याने मी अजून थक्क आहे, म्हणून तर बोलायला बसले.

सोलापुरात अमृतशेठ यांचं वाद्यांचं दुकान आहे. मला कुणीतरी हौसेने मागवलं आणि न्यायला आलंच नाही. मग मी पडले भिंतीला लटकून. माझ्या शेजारी शिसवी गिटारी, कशा तुकतुकीत, कशा नटलेल्या! येणारं गिऱ्हाईक त्यांना हात लावायचं आणि माझ्याकडे बघून विचारायचं, ही प्लास्टिकची का हो? मला असा राग यायचा म्हणून सांगू! पण भिंतीवर लटकणाऱ्याने कुणाला काय सांगावं?

मग एप्रिल आला. अहो, सोलापूरचं ऊन म्हणजे काय चीज आहे, ते मला तोवर माहीतच नव्हतं. पंखा गरम वारा फेकत होता, रस्ता ओस पडला होता. अशा एका दुपारी कोपऱ्यातली नवीकोरी गिटार आपोआप टक्कन तडकली. कुणी हात लावला नव्हता, कुणी पाडली नव्हती. अमृतशेठचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून त्यांनी, लाकूड सुकून तडकू नये म्हणून, प्रत्येक लाकडी गिटारीच्या पेटीत ओला स्पंज ठेवायला सुरुवात केली. मी आ वासून बघत राहिले. मी भट्टीतून आलेली, मला काही झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात सोनाली आली. ती सोलापुरातल्या एका शाळेत संगीत शिकवते, पण घर सांगोल्याकडचं, मेंढपाळाचं. तिच्या हातात तिची जुनी गिटार होती, पोटाला ही लांब भेग पडलेली. अशी भेगाळलेली ती तिची दुसरी गिटार. बरोबर तिला वाजवायला शिकवणारे अण्णाराव सर होते. सरांनी आल्या आल्या शिसवी गिटार उतरवून घेतली आणि सोनालीने ती वाजवली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? तिचा आवाज माझ्याहून गोड होता. दुकानासमोरून जाणारा एक माणूस सायकल थांबवून ऐकत उभा राहिला. सर म्हणाले, झालं, हीच घ्यायची.

पण सोनालीची नजर माझ्याकडे लागली होती. तिने मला उतरवलं, वाजवलं आणि अमृतशेठना भलतंच विचारलं, हिला जरा बाहेर पायरीवर ठेवू का? सर चपापले. शेठ म्हणाले, ठेवा की, हिचं काय जातंय! आणि खरोखर मला त्या तापलेल्या दगडी पायरीवर ठेवलं. भर दुपारी, तासभर. आत आणल्यावर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तारा थोड्या उतरल्या होत्या, त्या तिने खुंट्या पिळून चढवल्या. बाकी मी जशीच्या तशी.

सरांना हे पटेना. शिष्येने एवढी वर्षं मेहनत करायची आणि वाद्य निवडताना आवाज सोडून कातडी बघायची, हे काय? तेव्हा सोनालीने सगळं सांगितलं. तिचे आईवडील, फुलाबाई आणि गुंडा, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गाव सोडतात आणि पावसाळ्यापर्यंत लोकांच्या रानात तळ टाकून राहतात. मेंढरं टाकून आईला शहरात येता येत नाही. लाकडी गिटार त्या उन्हात, धुरळ्यात नेता येत नाही. त्यामुळे आईने लेकीचं वाजवणं समोर बसून कधीच ऐकलेलं नव्हतं. आणि आता आईचं ऐकूच कमी कमी होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढं तरी टिकेल याचा भरवसा नाही. कानाचं मशीन आणलं, तर रानातल्या वाऱ्यात ते नुसतं घोंघावायचं, म्हणून आईने ते काढून डब्यात ठेवलं.

शिसवी गिटारीकडे बघत सोनाली म्हणाली, "सर, हिचा आवाज चांगलाच आहे. पण ही आईपर्यंत पोचणार नाही."

सरांनी स्वतः मला पेटीत ठेवलं.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीने अकलूजला गेलो. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या एका रानात तळ होता. पेटी उघडली आणि मी बघतच राहिले! एवढी मेंढरं, बाभळीच्या सावलीला एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून बसलेली, आणि कडेला राखणीची कुत्री. भिंतीवर लटकून ज्याची कल्पनासुद्धा आली नव्हती, असलं ते जग. फुलाबाईने मला मांडीवर घेतलं. आयुष्यभर लोकर कातलेली तिची बोटं माझ्या अंगावरून फिरली आणि थबकली. "ह्ये विणल्यालं हाय की," ती म्हणाली. शहरातल्या कुणाच्या हाताला ते कळलं नव्हतं. मग तिने बटव्यातून चिमूटभर भंडारा काढून माझ्या कपाळाला लावला आणि थोडा पोटातही टाकला. लाकडी गिटार असती तर सोनाली किंचाळली असती. तिला हसू आलं. मला तर वाटलं, आपण आता या घरच्या झालो.

मग सोनाली वाजवायला बसली. तीन वर्षं तिने जे आईसाठी राखून ठेवलं होतं, ते वाजवू लागली. फुलाबाई समोर बसून लेकीची बोटं बघत होती, मान डोलावत होती, हसत होती. पण मान भलत्याच ठिकाणी डोलत होती. सोनालीच्या ते ध्यानात आलं. तिने वडिलांकडे पाहिलं. गुंडाने हळूच मान हलवली. आईला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

काय सांगू, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उन्हाला मी पुरून उरले होते, पण माझा मऊ आवाज त्या उघड्या रानात चार हातांवरही पोचत नव्हता. सोनालीची बोटं चालूच होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

लेक का रडते ते आईला समजेना. ती पुढे सरकली आणि तिने माझ्या कुशीवर हात ठेवला. तिचा चेहरा बदलला. "आत काय तरी हालतंय," ती म्हणाली. आणि गाभण मेंढीच्या पोटातलं कोकरू बघायला जसा कान लावतात, तसा तिने सहज वाकून माझ्या कुशीला कान लावला. गाल, कानशील, सगळं माझ्यावर टेकवलं. घाम, भंडारा, लोकरीचा ओशटपणा, सगळं मला लागलं. मला कशाचंच काही वाटलं नाही, कारण माझा आवाज हाडातून तिच्या आत उतरत होता. ती डोळे मिटून ऐकू लागली. या खेपेला मान डोलली ती बरोबर जागेवर.

मी फुगून गेले होते. पण थोड्या वेळाने फुलाबाईने हाताने थांबवलं. कान तसाच टेकवून ती म्हणाली, "आता तू बोल."

सोनालीला आधी कळेना. मग तिने माझ्या पोटावरच्या गोल भोकाला तोंड लावलं. माझं अख्खं अंग तिच्या आवाजाने थरथरलं.

"आये, जेवलीस का?"

फुलाबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी घरंगळलं. मग म्हणाली, "जेवले की. तू जेवलीस का?"

गुंडा उठून मेंढरांकडे तोंड करून उभा राहिला.

मित्रांनो, एवढं साधं बोलणं ऐकून ती बाई का रडली, ते मला गुंडाच्या बोलण्यातून नंतर कळलं. दोन वर्षं सगळे तिच्याशी ओरडून बोलत होते. मेंढरू आत घे, पाणी आण, गाडी आली. कामाचं तेवढं ओरडून सांगायचे, बाकी खुणांवर भागवायचे. जेवलीस का, हे कुणी ओरडून विचारत नाही. त्यामुळे ते विचारायचंच राहून गेलं होतं.

म्हणून मला जपा, उन्हात ठेवू नका, असलं काही मी तुम्हांला सांगणार नाही. मला खुशाल उन्हात ठेवा. पण तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर आज जवळ जाऊन बसा, आणि ज्या बोलण्यावाचून कुणाचं काही अडत नाही, ते आधी बोला.