पुलाच्या अलीकडचं लायसन

आप्पासाहेब मंगल कार्यालयाच्या खोलीत आरशासमोर खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. बसल्यावर सदऱ्याखालचं रिव्हॉल्व्हर जरा जास्तच उठून दिसत होतं आणि उभं राहिल्यावर अजिबात दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंनी नुकसानच. लपवलेली वस्तू कुणालाच दिसणार नसेल तर ती लपवून फायदा काय? त्यांनी पट्टा किंचित सैल केला.

तसा या सोयरिकीत फायदा भरपूर होता. जावई ऋषिराज बारामती एमआयडीसीत नोकरीला, म्हणजे विजापूरच्या घरी देऊनही लेक नजरेसमोरच राहणार. माणसं खाऊनपिऊन सुखी, मागणं काही नाही. पण ही सगळी मिळकत राजेश्वरीची. आप्पासाहेबांना स्वतःच्या वाट्याला एकच गोष्ट हवी होती. व्याह्यांनी आज त्यांच्या कमरेकडं एकदा बघायला हवं होतं.

लायसन त्यांना वडगाव निंबाळकरच्या दूध संस्थेचे अध्यक्ष असताना मिळालं होतं. तेव्हा दुधाचा पगार रोखीनं वाटायचा असे. पुढं पगार परस्पर बँकेत जायला लागला, अध्यक्षपद गेलं, भीती गेली. रिव्हॉल्व्हर मात्र राहिलं. त्यातून गोळी सुटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. फक्त त्याचं लायसन महाराष्ट्रापुरतं होतं. सुपारी फोडायला विजापूरला जायची वेळ आली तेव्हा भीमेवरचा पूल ओलांडला की तो गुन्हा होणार होता, म्हणून ते घरी ठेवावं लागलं.

तो दिवस त्यांना बोचत राहिला. व्याही बसवंतरावांकडंही हत्यार आहे, असं मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं. बसवंतराव ढगळ सदरा घालून दिवसभर पुढंपुढं करत होते आणि आप्पासाहेब त्या सदऱ्याकडं बघत पोळीचे तुकडे मोडत होते. वाकले की वाटे, आता दिसेल. दिसलं नाही, तरी ते आहे हे धरूनच आप्पासाहेब चार माणसांत उघडे पडल्यासारखे बसून राहिले. आज फासा उलटा होता. आज व्याह्यांचं लायसन पुलापलीकडं राहणार होतं.

सिंधुबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आत आल्या. नवऱ्याची उठबस बघून त्यांना पुढचं काही विचारावं लागलं नाही.

"अवो, आजच्या दिवस तरी ते काढा की."

"कुणाला दिसतंय?"

"माळशिरसच्या पाव्हण्यांना दिसलं हुतं तेवढं बास झालं."

ते स्थळ मागच्या वर्षी चहा पिऊन उठलं ते परत फिरकलंच नाही. मुलाच्या आईचा निरोप तेवढा आला होता: पोरीचा बाप कमरेला बांधून चहा देतोय, मग आमच्या पोरानं सासुरवाडीत रुसायचं कसं? त्यानंतर राजेश्वरी घरात हळू आवाजातच बोलत होती.

"ही माणसं तशी न्हाईत," आप्पासाहेब म्हणाले.

"म्हनूनच म्हनते."

तेवढ्यात फोन वाजला. गाडीवरच्या ड्रायव्हरला, कळंबच्या सिद्धूला, त्यांनी गाडी घेऊन वऱ्हाडाला वाट दाखवायला इंदापूरला धाडलं होतं. त्यानं सांगितलं, बस बारामतीत शिरली. सिंधुबाई बोलायचं सोडून दाराकडं धावल्या.

वऱ्हाड पहाटेचं निघालेलं होतं. लग्न गोरज मुहूर्तावर, दुपारी आधी वऱ्हाडाची पंगत. फाटकाशी सीमांतपूजन झालं, नवरदेवाचे पाय धुतले, आणि दोन्ही घरचे वडील समोरासमोर आले. आप्पासाहेब जरा मागं रेलून उभे राहिले. उंचवटा बेताचा दिसत होता, हवा तेवढा. पण बसवंतराव कमरेकडं बघेनात. ते तोंडभर हसत आले आणि मिठी मारली.

व्याहीभेट म्हटली की गळाभेट आलीच. सगळा विचार करून आप्पासाहेब एवढंच विसरले होते. विजापूरचा माणूस मिठी मारतो तीही पूर्ण. लोखंड बरोबर त्याच्या बरगडीत गेलं. बसवंतराव क्षणभर थांबले. मग त्यांनी मिठी सोडायच्या ऐवजी आणखी घट्ट केली, आणि फोटोवाला बास म्हणेपर्यंत तशीच धरून ठेवली.

बाजूला होताना त्यांचा हात नकळत बरगडीवर गेला.

"काय टोचलं हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही की. ह्यांच्या खिशातलं पेन."

आप्पासाहेबांच्या खिशाला पेन नव्हतं. विहीणबाईंनी खिसा पाहिला, सदरा पाहिला आणि त्या सिंधुबाईंच्या कानाशी लागल्या. कानाशी लागून बोलायची त्यांना सवय असावी, पण हळू बोलायची नव्हती.

"तुम्ही सुपारीला आला होता ना, तेव्हा ह्यांनी सकाळीच आपलं कपाटात घालून कुलूप लावलं बघा. मी म्हटलं, रोज बांधता, आजच का? तर म्हणाले, पाहुण्यांचं पुलाच्या पलीकडं राहतंय. मग आपण बांधून त्यांच्यासमोर कसं बसायचं?"

सिंधुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. तेवढी दया त्यांनी केली.

आप्पासाहेब फाटकाच्या केळीच्या खुंटाला हात लावून उभे राहिले. ढगळ सदरा त्यांना पुन्हा दिसला. वाकणारा, वाढणारा, आग्रह करणारा. त्या सदऱ्याखाली दिवसभर नुसता माणूस होता.

"सिद्धू, गाडी काढ."

"आत्ता? कुठं?"

"घरी."

वधूच्या खोलीच्या खिडकीत राजेश्वरी उभी होती. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं विचारलं,

"आप्पा, काय इसरलं का?"

"इसरलं न्हाय. जास्तीचं आणलंय."

तिनं त्यांच्या कमरेकडं पाहिलं. मग तिला उमगलं असावं, कारण ती हसली, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "जावा मग. पन लवकर या."

कार्यालयात कुठं ठेवून चालणार नव्हतं, पोरांचा सुळसुळाट. दुसऱ्याच्या हाती देणं कायद्यात बसत नव्हतं. वडगावला जाण्यावाचून इलाज नव्हता. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रडतखडत निघाली.

"आप्पासाहेब," सिद्धू आरशात न बघता म्हणाला, "पेन ठेवायला लई लांब चाललो आपुन."

"गप गाडी चालीव."

"चालीवतोच की. मी कुठं काय म्हनलो?"

घरी कपाटाला कुलूप लावून आप्पासाहेब बाहेर आले आणि गाडीत बसले. बसताना सदरा सावरायला हात आपोआप कमरेकडं गेला आणि तिथं सावरण्यासारखं काही नव्हतं. ते मोकळे, ऐसपैस बसले.

"सिद्ध्या, तू कधी कुनाचं झाकलंस का रं?"

"म्हंजे?"

"काय न्हाय. व्याही माणूस चांगला मिळाला म्हनायचं."

परत येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. जेवणाच्या मांडवात शिरताना आप्पासाहेबांना वाटलं, पंगत उठली असणार. पण मांडवात आवाजच नव्हता. पानं वाढून झालेली, भात निवलेला, आणि विजापूरचं सगळं वऱ्हाड पानांसमोर हात मांडीवर ठेवून बसलेलं. आचारी दाराशी तोंड पाडून उभा. सिंधुबाई हात जोडून जोडून दमल्या होत्या.

"मी किती म्हनलं, बसा, सुरू करा," त्या म्हणाल्या. "ऐकंनातच."

बसवंतरावांनी शेजारचा रिकामा पाट पुढं ओढला.

"घरचा मालक आल्याशिवाय घास कसा घ्यायचा? या, बसा."

"तुमाला ठावं हुतं, मी कुठं गेलतो?"

"नाही की," बसवंतराव म्हणाले, "मला कसं ठाऊक असणार?" आणि ताटातली जिलेबी उचलून त्यांनी व्याह्यांच्या तोंडाशी धरली.

आप्पासाहेबांनी ती खाल्ली. मग ते उठले, आचाऱ्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतः ओळीनं वाढत निघाले. प्रत्येक पानाशी वाकत, प्रत्येकाला हात जोडत.

तर हिशेब असा लागला. रिव्हॉल्व्हर आप्पासाहेबांचं, हट्ट आप्पासाहेबांचा, लाजही त्यांची वाचली. आणि त्यासाठी उपाशी बसली ती विजापूरची म्हातारीकोतारी, बसमध्ये उलट्या झालेली पोरं आणि नवरदेवाची मधुमेही आत्या, जिनं पदराआड एक बिस्कीट खाल्लं. आपण कशापायी थांबलो होतो, हे त्यांतल्या कुणालाच कधी कळलं नाही.