ध्यानात दिसलेला बाजार

देवळासमोर मुंगी शिरायलाही जागा नव्हती. रंगनाथबाबा ध्यानाला बसले होते! लढाईचे दिवस. कुठलं शहर पडलं, कुठं पूर आला, हे बाबांना डोळे मिटून दिसे आणि दुसऱ्या दिवशी गावात येणाऱ्या वर्तमानपत्रात तेच छापलेलं असे. मी शाळामास्तर, शंका काढली की लोक अंगावर येत.

बाबा घुमू लागले. "घोडेगावचा बाजार... ओस पडलाय! रोगानं बैलं मेली. यंदा बैल मिळनार न्हाई. जमिनी साखर कंपनीला खंडानं द्या, सुखी व्हाल!"

आणि कंपनीचे कारकून आप्पासाहेब करारनामे घेऊन शेजारीच हजर. केवढा हा योगायोग! कारभारी नावाच्या शेतकऱ्याचा एक बैल नुकताच मेला होता. नांगरणार कशानं? बिचारा शाईत अंगठा बुडवून पुढं सरकला.

"दम खा, कारभारीभाऊ!" मागून गावातली हाजराबी ओरडली. ती माहेराहून येत होती, हातात नव्या बैलाचा कासरा. "बाबा, समदी बैलं मेली, मंग ह्यो कुठून आनला मी? परवाच भावासंगं घोडेगावच्या बाजारात गेल्ते. पाय ठिवाया जागा न्हवती."

बाबांनी एक डोळा उघडला. "ही माया हाय!"

"मायेनं आत्ताच शेन टाकलं, बगा."

लोक खो खो हसले. आप्पासाहेब भडकले आणि पिशवीतून वर्तमानपत्र काढून नाचवू लागले. "अडाणी बाई! हे बघा, पेपरात छापलंय!"

"आप्पासाहेब," मी म्हणालो, "हा आजच्या तारखेचा पेपर तर गावात उद्या येणार ना?"

त्यांनी पेपर झटकन पिशवीत कोंबला. गौडबंगाल एवढंच होतं. कंपनीनं अख्खा पेपरच विकत घेतला होता, गावात तो वाटायची एजन्सीही घेतली होती. गठ्ठा आधी कंपनीच्या बंगल्यावर जाई, तिथं बाबांना वाचून दाखवत, आणि गावाला तो एक दिवस शिळा मिळे.

"पन मास्तर," कारभारी गोंधळला, "पेपरात खोटं कसं छापत्याल?"

माझं डोकंच फिरलं. "का नाही छापणार? पेपर त्यांचा, जमीन तुझी हवीय त्यांना!"

कारभारीनं अंगठा धोतराला पुसला. "हाजराबी, तुज्या भावाचा पत्ता दे. बैल मी सोता बगून आनतो."

"कंपनीशी वैर जड जाईल," आप्पासाहेब गुरगुरले.

"जाऊ द्या. जमीन मी देनार न्हाई."

बाबा त्याच दिवशी पसार झाले. पेपर मात्र अजून येतो. वाचकहो, छापलं म्हणून खरं, हीसुद्धा अंधश्रद्धाच. हे कुणी पाहिलं आणि यात छापणाऱ्याचा फायदा काय, हे विचारा. मालक कितीही मोठा असो, बेधडक विचारा.