हिरवीचा सुस्कारा

लेकीला मुलगी झाली आणि आजीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिनं साऱ्या गल्लीला मोटार शिकवली होती, पण आज तिचं स्वतःचंच स्टिअरिंग सुटलं होतं. दुधाला ताक म्हणत होती, जिना चढताना गुणगुणत होती. हट्ट मात्र एकच. बाळ दवाखान्यातून घरी येईल ते हिरवीतून. लेकही एवढीशी होती तेव्हा, दुपट्यात गुंडाळलेली, याच जुन्या हिरव्या गाडीतून आली होती.

जावयानं नाही म्हटलं नव्हतं. पण परवा चौकात हिरवीनं दुधाच्या टेम्पोला नाक लावलं, तेव्हा तो शेजारीच बसला होता. ब्रेकचं पेडल दगड झालं होतं. दुपारपर्यंत ब्रेक ठीक झाला तर हिरवी, नाहीतर टॅक्सी, असं त्यानं हळूच सांगितलं आणि टॅक्सीवाल्याला फोनही करून ठेवला.

म्हणून सकाळीच शेडमध्ये बॉनेट उघडलं गेलं. बॅटरीचा उजेड धरायला आजीची नणंद.

दुखणं काय ते आजीला ठाऊक होतं. ब्रेकचा बूस्टर म्हणजे इंजिनामागचा काळा पत्र्याचा डबा. इंजिन रबरी पाइपातून त्यातली हवा ओढतं, म्हणून नुसता पाय टेकला तरी ब्रेक लागतो. कुठं फट पडली की बाहेरची हवा आत घुसते, जोर संपतो. घुसताना ती सुस्कारते. तो सुस्कारा ऐकायचा. गॅरेजवाल्यानं कान लावून पाहिलं होतं, त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

आजीनं इंजिन चालू केलं, नळीचा तुकडा कानाला लावला, दुसरं टोक डब्यापाशी फिरवलं आणि नणंदेला गप्प राहायला सांगितलं. नणंद गप्प राहिली, म्हणजे तिच्या मानानं बराच वेळ.

"वहिनी, नाडी लागतेय का गं?"

झालं. आजीला हसू फुटलं, नणंदेला त्याहून मोठं. ती मडगार्डवर रेलून अशी हसली की हिरवी स्प्रिंगांवर डुलायला लागली. आणि नळीतून आलं, स्स्स. हसू थांबलं, सुस्काराही थांबला.

आजीचे डोळे चमकले. "वन्सं, हसा."

"असं सांगून कुणाला हसू येतं होय?"

खरंच येईना. नणंदेनं तोंड वाकडं केलं, खोटंखोटं खिदळून पाहिलं. गाडी हलेना. मग आजीनं जुनं उकरून काढलं, की नणंद गाडी शिकताना उजवीकडे वळायचं म्हणून वायपर लावायची, आणि पोलिसानं अडवलं तेव्हा त्यालाच म्हणाली होती, साहेब, तुम्ही नीट दिसत नव्हता.

नणंद मडगार्डवर कोसळली. हिरवी डुलली, बॅटरीचा उजेड छतभर नाचला, आणि आजीचं बोट सुस्काऱ्यामागं सरकत पाइपाच्या टोकाशी गेलं, क्लिपखाली, खालच्या अंगाला. तिथं चीर होती. गाडी हलली की उघडायची, उभी राहिली की मिटायची. म्हणून गॅरेजात कुणाला सापडली नव्हती.

पाइप तसा लांबच होता. आजीनं इंजिन बंद केलं, चिरलेलं टोक कापलं, पाइप पुन्हा बसवला, क्लिप आवळली आणि जावयाला बोलावलं.

"बसा. पेडल कडक होईस्तोवर दाबत राहा. हं, आता पाय ठेवूनच चावी फिरवा."

इंजिन घरघरलं आणि त्याच्या पायाखाली पेडल मऊ मऊ खाली गेलं. त्यानं गल्लीतून चक्कर मारली, दोनदा करकचून ब्रेक दाबला आणि परत येऊन टॅक्सीवाल्याला नको म्हणून कळवलं. आजीनं स्टिअरिंगशी बसायला दार उघडलं, पण आनंदाच्या भरात ते मागचंच निघालं, तेव्हा तिनं स्वतःच चावी त्याच्या हातावर ठेवली.

दवाखान्यातून परत येताना ती मागं बसली, बाळाला घेतलेल्या लेकीशेजारी. हिरवी लोण्यासारखी थांबत होती, तरी प्रत्येक वळणावर आजीचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जात होता.

"आई," लेक कुजबुजली, "बाळ झोपलंय. पाय आवर."

आजीनं पाय पोटाशी घेतला आणि पुढच्या वळणावर डावा दाबला.