दोन पाळ्यांची गाणी

मोबाईलमधली जागा संपली की आपण काय करतो? आधी चिडतो. मग 'शुभ सकाळ'ची फुलं पुसतो. तेवढ्यानं भागलं नाही की घरातल्या कुणाला तरी विचारतो, "तुझ्याकडे आहे ना ते? मग माझ्याकडचं काढून टाकतो." मंडळी, हे वाक्य आपल्या घराघरांत रोज बोललं जातं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. करी रोडच्या प्रफुल्लला मात्र हल्ली ते वाक्य नुसतं कानावर पडलं तरी घाम फुटतो.

प्रफुल्ल विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. चाळीतल्या दोन खोल्यांत तो, बायको रश्मी आणि आईवडील. वडील शामराव एके काळी गिरणीच्या स्पिनिंग खात्यात होते, पण गिरणगावात त्यांची ओळख होती ती गाण्यानं. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. बाबासाहेबांवरची, चाळीतल्या जगण्यावरची गाणी ते स्वतः रचायचे, स्वतः चाल लावायचे आणि जयंतीला असे गायचे की समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या भरून जायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

ऑपरेशनच्या आधी प्रफुल्लनं रजा काढून वडिलांना समोर बसवलं आणि एकेक गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. चाळीस-एक गाणी झाली. पोरगा असावा तर असा, असं सगळी चाळ म्हणाली आणि ते खोटं नव्हतं. पण गोष्ट हाती आली की ती मुठीत आवळायची, हा माणसाचा जुना रोग. शेजारच्या चाळीत बाबुरावांची गायन पार्टी होती. या बाबुरावांनी कधीकाळी शामरावांचं एक गाणं त्यांचं नावही न घेता स्टेजवर म्हटलं होतं. शामराव ते विसरले, प्रफुल्ल विसरला नाही. त्यानं घरात हुकूमच काढला, "बाबांची गाणी बाहेर द्यायची नाहीत. कुणालाच."

गाणी त्यानं हार्ड डिस्कवर उतरवली. एक बिघडली तर हाताशी असावी म्हणून दुसरीही डिस्क भरली. दोन्ही डिस्का बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, डबा पोटमाळ्यावर ठेवला आणि मोबाईल रिकामा करून मोकळा झाला.

त्याचा धाकटा भाऊ राजरत्न माझगावला राहायचा. घरचाच म्हणून गाण्यांची एक प्रत तेवढी त्याला मिळाली होती. दोघांचा यावर दर रविवारी वाद ठरलेला.

"दादा, मी माझी कॉपी क्लाउडवर टाकलीय. घराला आग लागू दे, काही होऊ दे, गाणी सेफ."

"क्लाउड म्हणजे काय रे? दुसऱ्याचा कॉम्प्युटर. उद्या त्यानं भाडं वाढवलं, अकाउंट बंद केलं, तर बाबांचा आवाज मागायला कुणाच्या दारात जाऊ? आपलं ते आपल्या हातात बरं."

"आणि तुझी डिस्क पडली तर?"

"दोन आहेत माझ्याकडे."

दोघांचंही म्हणणं खरं होतं. म्हणूनच कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

यंदा जयंतीच्या आठवडाभर आधी चाळीच्या मंडळानं ठरवलं, की चौदा एप्रिलच्या सकाळी स्पीकरवर शामरावांच्या आवाजातली गाणी लावायची. मंडळाची माणसं घरी येऊन सांगून गेली तेव्हा शामराव बोलू शकले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा उजळला की प्रफुल्लच्या आईनं, राधाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. तीन वर्षांत त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. प्रफुल्ल लगेच पोटमाळ्यावर चढला. डब्यावर रोषणाईच्या माळांचा गुंता पडला होता. त्यानं माळ ओढली, माळेबरोबर डबा आला आणि सरळ खाली फरशीवर आदळला.

पहिली डिस्क कॉम्प्युटरला लावली तर आतून नुसती टकटक ऐकू आली. दुसरीचा दिवाच लागेना. लॅमिंग्टन रोडच्या एका दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस ठेवून घेतल्या आणि दोन्ही परत देत सांगितलं, "साहेब, आतल्या चकत्या खरवडल्यात. यातून काही निघणार नाही."

मग प्रफुल्लनं अभिमान गिळून धाकट्या भावाला फोन केला. "राजा, क्लाउडवर आहेत ना तुझ्या?"

पलीकडून एवढंच आलं, "दादा, मी घरी येतो."

संध्याकाळी राजरत्न आला तो उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगू लागला. गेल्या वर्षी त्याची क्लाउडवरची जागा संपली होती. जास्तीची जागा घेण्याऐवजी त्यानं मोठमोठ्या फायली पुसल्या. गाण्यांवर बोट थांबलं होतं खरं. पण मनात आलं, दादाकडे दोन-दोन डिस्का आहेत. आज दादाचा फोन आल्यावर मोबाईलमध्ये असतीलच असं समजून तिथे शोधली, तर तिथूनही गेलेली! क्लाउड आणि मोबाईल एकमेकांना जोडलेले होते. एकीकडे पुसलं ते दुसरीकडेही पुसलं गेलं. कचरापेटीही महिन्याभरानं आपोआप रिकामी झाली होती.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो असा. याला वाटलं त्याच्याकडे जेवला, त्याला वाटलं याच्याकडे.

प्रफुल्ल खाली बसला आणि पन्नाशीला आलेला तो माणूस बापासमोर लहान मुलासारखा रडला. "बाबा, तुमचा आवाज घालवला मी." शामरावांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते रागावले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

राधाबाईंनी डबा उचलून उलटसुलट पाहिला. "दोन्ही ह्यातच ठेवल्यास?"

"हो."

"मग दोन कुठल्या, एकच झाली की. अरे, तुझ्या बाबांनी पार्टी कशी चालवली ते तुला ठाऊक नाही. पार्टीतले मुख्य गाणारे सगळे गिरणीतले. जयंतीचा प्रोग्राम असायचा नि नेमका गाणारा दुसऱ्या पाळीला. मालक काय सोडतोय? म्हणून ह्यांनी नियम केला, एकेक गाणं दोघांना शिकवायचं. पण एकाच पाळीतल्या दोघांना कधी नाही शिकवलं. एक पहिल्या पाळीचा, तर एक दुसऱ्या. एक अडकला तरी दुसरा मोकळा. तू दोघांना एकाच पाळीत घातलंस, बाळा. डबा पडला नि दोघं गेले."

राजरत्न हळूच म्हणाला, "आई, माझी तर दुसऱ्या पाळीची होती."

"होती ना! तू तिला रजा दिलीस. दुसरा हजर आहे का, ते विचारलंस?" राधाबाई थांबल्या नाहीत. "आणि ह्यांचा अजून एक नियम. रविवारी दोघांकडून गाणं म्हणून घ्यायचे. 'येतंय मला' असं नुसतं सांगून भागायचं नाही. प्रफुल्ल, तीन वर्षांत तू एकदा तरी डिस्क लावून बघितलीस? वाजते का, नाही?"

कॉम्प्युटरमधलं ओ की ठो न कळणाऱ्या बाईनं दोन भावांचा तीन वर्षांचा वाद पाच मिनिटांत मिटवला होता. घरातली की क्लाउडवरची, हा प्रश्नच चुकीचा होता. दोन्ही हव्या होत्या.

"आणि एक सांगते. रागावशील तर रागाव," राधाबाई म्हणाल्या. "तू मोबाईल रिकामा करायच्या आधी मी रश्मीकडून तुझ्याच मोबाईलवरनं गाणी पाठवून घेतली. रोज एकदोन. माझगावच्या सुभद्राला, लालबागच्या मनूच्या आईला, पार्टीत मागून साथ देणाऱ्या आणखी बायकांना."

"मी नको म्हटलं होतं!" प्रफुल्ल उसळला. रश्मी पुढे झाली.

"मी पाठवली. आईंचा नवरा, आईंच्या मैत्रिणी. त्यांना ऐकावंसं वाटलं तर तुमची परवानगी कशाला? सगळी पाठवायची होती, पण मध्येच तुम्ही मोबाईल साफ केलात."

राग आणखी चढायला हवा होता. पण प्रफुल्लच्या तोंडून शब्द निघाले ते वेगळेच, "कुणाकुणाला पाठवलीत? नावं सांगा."

पुढचे दोन दिवस दोघं भाऊ दारोदार फिरले. सुभद्राबाईंचा जुना मोबाईल गेला होता, पण गाणी त्यांनी मुलीला दिली होती. कुणाकडे दोन सापडली, कुणाकडे सात. एका घरी तर शामरावांचं गाणं रोज सकाळी गजर म्हणून वाजत होतं. सगळी जमवून निम्म्याच्या वर गाणी हाती आली. उरलेली आली नाहीत. ती त्या आवाजात आता कधीच ऐकू येणार नाहीत, आणि हे दुःख प्रफुल्लला जन्मभर पुरणार आहे.

जयंतीच्या सकाळी चाळीत निळ्या पताकांखाली शामरावांचा आवाज घुमला. ज्यांनी तो ऐकला होता ते रडले, ज्यांनी ऐकला नव्हता ती पोरं स्पीकरजवळ सरकली. मग पार्टीतल्या बायकांनी हरवलेली गाणी म्हटली. शब्द त्यांच्या तोंडात होते. शामराव ढोलकीवर बसले. एका कडव्याला सुभद्राबाई चुकल्या तशी त्यांनी ढोलकी थांबवली, ओठांनी शब्द सांगितला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. समोर राजरत्न रेकॉर्ड करत होता.

शेवटी प्रफुल्ल माईकपाशी गेला. "बाबांची गाणी मी कुलपात ठेवली, म्हणून अर्धी गेली. ज्यांनी माझं ऐकलं नाही, त्यांच्यामुळे अर्धी राहिली. ज्यांना हवीत त्यांनी मोबाईल घेऊन या. आजच."

पहिला मोबाईल पुढे आला तो शेजारच्या चाळीतल्या बाबुरावांचा. म्हातारा खाली बघून म्हणाला, "मला द्यावंसं वाटलं नाही तर नको देऊ. पण दिलंस, तर शामरावांचं नाव घेऊनच लावीन."

प्रफुल्लला जुनं सगळं आठवलं. मग त्यानं मोबाईल घेतला आणि एक नाही, सगळी गाणी त्यात भरून दिली.

त्या संध्याकाळी शेजारच्या चाळीतून शामरावांचं गाणं ऐकू आलं. आधी बाबुरावांनी माईकवर मोठ्यानं त्यांचं नाव सांगितलं. गॅलरीत बसलेल्या शामरावांनी ते ऐकलं आणि प्रफुल्लचा हात आपल्या हातात घेऊन कठड्यावर ठेका धरला.

म्हणून सांगतो, मंडळी, आपल्या माणसांचे फोटो, आवाज, आयुष्याची कागदपत्रं कुलपात घालून निर्धास्त होऊ नका आणि क्लाउडवर टाकूनही निर्धास्त होऊ नका. एक प्रत घरात असू द्या, एक घराबाहेर असू द्या, आणि एक पुसण्याआधी दुसरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जी सगळ्यांची आहे ती गोष्ट सगळ्यांना द्या. वाटल्यानं ती कमी होत नाही, टिकते. आणि हे उद्यावर टाकू नका. ज्या आवाजाशिवाय तुमचं घर सुनं होईल, तो आज तुमच्याकडे कुठे कुठे आहे, एवढं आत्ता उठून बघा. एकाच ठिकाणी असेल, तर तो हरवायला फक्त एक धक्का पुरे आहे.