बगीच्यातून समुद्राकाठी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या सोडतीत आधी सारिकाचं नाव निघालं. नागसेनचं निघालं नाही. वर्षभर तिकडे राहायचं, देश बघायचा आणि त्यासाठी मिळेल ते काम करायचं, असा तो तरुण माणसांसाठीचा व्हिसा. नवराबायको असले तरी अर्ज वेगवेगळे आणि नशीबही ज्याचं त्याचं.

दोघं बुलढाण्यात भाड्याच्या खोलीत राहत. नागसेन एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवायचा, सारिका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायची. एकाच कॉलेजात शिकल्यामुळे ती एकमेकांना अरे-तुरे करत. धाड या गावी नागसेनच्या घरी गेलं की मात्र सारिका आठवणीनं 'तुम्ही' म्हणायची. व्हिसाची माहिती तिनंच मोबाइलवर शोधली होती आणि दोघांचे अर्जही तिनंच भरले होते.

"अन् माझं नाव निघालंच नाही तर?" नागसेननं विचारलं.

सारिका भाकरी थापत होती. "तर मी जाऊन येईन," ती म्हणाली. "वर्षाचा तर सवाल हाय."

ती एकटी जायला नाही म्हणेल, असं त्यानं गृहीत धरलं होतं. पुढे काही दिवस तो घरात कमीच बोलला. मग पुढच्या सोडतीत त्याचंही नाव निघालं. सारिका लॅबमधून तशीच धावत क्लासवर आली आणि पोरांसमोर उभी राहून नुसती हसत राहिली. त्याच्या मनात साचलेलं तिथंच विरघळलं.

खरी अडचण धाडला होती. नागसेनचे वडील पुंजाजी यांची उमर दुसऱ्यांच्या वावरात गेली होती. आता घरचा थोडा जमिनीचा तुकडा झाला होता, पण पोराला त्यांनी मातीत हात घालू दिला नव्हता. नागसेन लहानपणी डबा घेऊन शेतावर गेला की ते धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, डबा घ्यायचे आणि त्याला परत पाठवायचे. तिकडे बहुतेक फळं तोडायचं काम मिळेल, हे ऐकल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"म्या तुले कोणाच्या बांधाच्या आत पाय ठेवू देल्ला नाही," ते म्हणाले. "अन् तू आता इमानात बसून मजुरीले जाऊन राह्यला?"

सारिका म्हणाली, की मजुरी काही महिन्यांची, बाकी वर्ष आमचं. पुंजाजी उठून बाहेर गेले. आई अन्नपूर्णाबाईंनी मात्र सुनेच्या पिशवीत गुपचूप तिखटाची पुडी आणि ज्वारीचे पापड ठेवले. विमानतळावर ते चालतात की नाही, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी पापड बुलढाण्यातच राहिले.

तिकडे दोघं पोचली तेव्हा त्या मुलखात हिवाळा तोंडावर आला होता. शहरापासून खूप आत एका मोठ्या बगीच्यात त्यांना काम मिळालं. फळ मॅंडरिन, म्हणजे आपल्या संत्र्याच्याच जातीतलं. राहायला पत्र्याच्या खोल्या, सामाईक स्वयंपाकघर. सोबतीला इटलीची, तैवानची, चिलीची पोरंपोरी होती. सगळी त्यांच्यासारखीच वर्षभरासाठी आलेली. सकाळी दव सुकलं की काम सुरू. पोटावर झोळी बांधायची, शिडीवर चढायचं आणि कातरीनं फळ कापून झोळीत टाकायचं. झोळी भरली की मोठ्या खोक्यात रिकामी करायची. जोडप्याला मिळून एकच खोका असायचा आणि मजुरी भरलेल्या खोक्यांवर मिळायची.

सारिकाचं माहेर नांदुऱ्याजवळचं. शाळेला सुट्टी असली की ती आईबरोबर कापूस वेचायला जायची. झाडापुढे उभी राहिली की तिचे हात आपोआप चालू लागत. नागसेनचे चालत नव्हते. त्याला शिडीची भीती वाटायची, काट्यांनी मनगटं ओरबाडून निघायची आणि खांदे भरून यायचे. दोन झाडं मागे राहिलेल्या नागसेनकडे बघून टोळीचा म्होरक्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, की या खोक्याचं भाडं बायको भरते आणि नवरा फुकट प्रवास करतो. सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, पण नागसेनला ते झोंबलं.

त्या दिवशी दुपारनंतर त्यानं कातर खिशात टाकली आणि फळं हातानंच ओढून तोडायला लागला. झोळ्या भराभर भरू लागल्या. पहिल्यांदाच तो सारिकाच्या पुढे गेला. संध्याकाळी म्होरक्यानं खोक्यात हात घातला, वरची काही फळं फिरवून पाहिली आणि मान हलवली. ओढल्यामुळे देठाजवळची साल फाटली होती. असं फळ पेटीत सडतं आणि शेजारच्यांनाही सडवतं. अख्खा खोका बाद झाला, त्यात सारिकाचीही दिवसभराची फळं होती.

खोलीवर आल्यावर तिनं त्याच्यासमोर गरम पाण्याची बादली ठेवली आणि हात शेकायला सांगितले. मग समोर बसून विचारलं, "तुले लाज कशाची वाटून राह्यली? कामाची, का बायकोहून मागं राह्यल्याची?"

नागसेननं हात पाण्यात बुडवले. मग म्हणाला, की वडिलांनी ज्या कामातून त्याला बाहेर काढलं, तेच करताना त्यांचे कष्ट वाया घालवल्यासारखं वाटतं. शिडीवर चढलं की धुऱ्यावर उभे असलेले बाबा दिसतात.

"मी तर लहानपणापासून कापूस वेचला," सारिका म्हणाली. "मंग माहीबी लाज वाटते का तुले?"

तो चपापला. आपल्या बोलण्याचा असाही अर्थ निघेल, असं त्याच्या मनात आलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "तुही लाज काऊन वाटंल?"

"मंग स्वतःची काऊन वाटते?"

दुसऱ्या दिवशी तो म्होरक्याकडे गेला आणि कालची चूक आपली एकट्याची होती, असं सांगून आला. सारिकानं त्याला पहिल्या झाडापाशी थांबवून घेतलं. तिनं कापायची रीत दाखवली: आधी देठ थोडा लांबून कापायचा, मग उरलेला फळाशी अगदी लगटून. म्हणजे सालही फाटत नाही आणि देठाचं टोक दुसऱ्या फळाला टोचतही नाही. अर्धं झाड त्यानं तिच्या नजरेखाली केलं. तिच्याइतका तो शेवटपर्यंत भरभर झाला नाही, पण त्यांचा खोका परत कधी बाद झाला नाही. हळूहळू त्याला शिडीवरून दूरची टेकडी बघण्याइतकी सवड मिळू लागली.

एका रविवारी धाडचा व्हिडिओ कॉल लागला. अन्नपूर्णाबाईंशी जयभीम झाला, जेवणाखाण्याचं बोलणं झालं. पुंजाजी एरवी कॉलच्या वेळी बाजेवर बसून राहायचे, फोनजवळ यायचे नाहीत. त्या दिवशी ते आले. त्यांनी मजुरी किती, काम किती, काहीच विचारलं नाही.

"पाणी कुठून देतेत रे तुमाले?" त्यांनी विचारलं.

नागसेनला प्रश्न कळला, पण त्यातलं वजन आधी सारिकाला कळलं. तिनं फोन आपल्याकडे घेतला. "मामाजी, ट्रॅक्टरवर एक मोठी टाकी असते. तिले नळ हाय. त्याच नळाचं आमी पितो, म्होरक्या पितो, मालक आला तर तोबी तिथंच वाकून पितो."

"त्याच नळाचं?"

"हाव. अन् जेवाले समदे झाडाखाली एका जागी बसतो. मालकबी खाली बसते."

पुंजाजींनी अन्नपूर्णाबाईंच्या हातातला फोन आपल्याकडे घेतला. मग त्यांनी विचारलं, त्या झाडांना किती दिवसांनी पाणी देतात, छाटणी कधी करतात, खत कोणतं. नागसेनला बरंचसं माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला. पुढच्या रविवारपासून पुंजाजी फोनजवळ आधीच येऊन बसायला लागले.

वसंत आला आणि फळं संपली. टोळी पांगली. सारिकानं ठरवलं होतं, की उरलेले महिने समुद्राकाठच्या एखाद्या लहान गावात काढायचे. हार्लन बे नावाच्या गावात एका बाईनं फोनवर खोली कबूल केली होती. रात्रभर बसनं प्रवास करून दोघं शनिवारी दुपारी तिथं उतरली, तर बाईचा भाऊ अचानक राहायला आला होता आणि खोली गेली होती. बाईनं मनापासून माफी मागितली, पण खोली काही नव्हती.

ओझी घेऊन दोघं समुद्रासमोरच्या बाकावर बसली. नागसेननं समुद्र एकदाच पाहिला होता, मुंबईला चैत्यभूमीवर, बाबांच्या खांद्यावर बसून. तेव्हा पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसली होती. सारिकानं तर कधीच पाहिला नव्हता. तो लगेच फोनवर खोल्या शोधायला लागला. तिनं बूट काढले.

"खोली पाहू ना मंग," ती म्हणाली. "आधी थोडी सुट्टी तर घेऊ. आल्यापासून एक दिवस घेतली नाही."

ती पाण्यात शिरली. मागोमाग तोही गेला. पाणी गार होतं आणि पायाखालची वाळू सरकत होती. गुडघाभर पाणी कमरेला कधी लागलं, ते हसण्याच्या नादात कळलं नाही. एक लाट परत जाताना सारिकाला आत ओढून गेली. नागसेननं तिचा हात धरला आणि तोही ओढला गेला. तेवढ्यात शिट्टी वाजली. लाल-पिवळी टोपी घातलेली एक साठीची बाई धावत पाण्यात आली. तिनं लांब फळी त्यांच्याकडे ढकलली, दोघांना ती धरायला लावलं आणि तिरकं ओढत काठावर आणलं.

ग्लेनिस तिचं नाव. समुद्रावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळींपैकी ती एक होती. काठावर रोवलेल्या दोन झेंड्यांच्या मध्येच पाण्यात जायचं असतं, हे तिनं त्यांना चांगलंच खडसावून सांगितलं. मग सारिकाचे दात वाजताना बघून टॉवेल दिले आणि ओझी पाहून चौकशी केली. सगळं ऐकल्यावर तिनं एकदोन फोन केले. गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात माणूस हवा होता आणि तिथल्या मागच्या आवारात एक खोली रिकामी होती. "पण एक अट आहे," ती म्हणाली. "दोघांनीही पोहायला शिकायचं."

सारिका स्वयंपाकघरात लागली. नागसेनला तिथंच साफसफाईचं आणि बागेचं काम मिळालं. खडकांमधल्या उथळ तळ्यात ग्लेनिस त्यांना शिकवायची. इथं मात्र नागसेन पटकन शिकला. सारिकाला डोकं पाण्याखाली घालायचीच धास्ती. तो तिच्या पाठीखाली हात धरून उभा राहायचा आणि ती सोडू नको, सोडू नको म्हणायची. एका सकाळी त्यानं हात काढून घेतला तरी ती तरंगत राहिली. डोळे उघडल्यावर तिनं त्याला भरपूर शिव्या दिल्या आणि मग म्हणाली, "आता पुन्हा."

आश्रमातल्या म्हाताऱ्यांना सारिकाचा लळा लागला. कोणाला साखर चालत नाही, कोणाला भरवावं लागतं, हे ती सांभाळायची. तिथल्या प्रमुख बाईंनीच तिला वृद्धांच्या देखभालीचं शिक्षण घ्यायला सुचवलं. बगीच्यात केलेल्या कामामुळे व्हिसाच्या नियमानुसार दोघांना आणखी एक वर्ष राहता येणार होतं. नागसेननं आधी धाडला विचारू या म्हटलं. सारिकानं मान डोलावली.

पुंजाजींनी ऐकून घेतलं. "राहा," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "आमाले बोलावता येते का रे तिकडं?"

पुढच्याच आठवड्यात पुंजाजी आणि अन्नपूर्णाबाई पासपोर्टसाठी फोटो काढायला धाडहून एसटीनं बुलढाण्याला गेले. अन्नपूर्णाबाईंनी लग्नात नेसलेलं लुगडं नेसलं होतं. फोटोवाल्यानं हसू नका म्हटल्यावर त्यांना जास्तच हसू येत होतं आणि फोटो पुन्हा पुन्हा काढावा लागला. बाहेर रसवंतीवर बसल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, तिकडे जाऊन करणार काय.

"पोराची बाग पाहीन," पुंजाजी म्हणाले. "मंग त्या समुद्राजवळ दिवसभर बसून राहीन."

"दिवसभर?"

"हाव. तूबी बस."

अन्नपूर्णाबाईंनी ग्लासातला उरलेला रस संपवला आणि समुद्राजवळ थंडी असते का, हे पोराला विचारून ठेवा म्हणाल्या.