बटणांखाली लपवलेल्या गोळ्या

मी बटणांचा डबा बोलतोय. जन्मलो बिस्किटांसाठी, पण बिस्किटं या घरात चार दिवस टिकली नाहीत. मग सासूबाईंनी मला पुसून माझ्यात बटणं भरली. शर्टांना बटणं लावायचं काम त्या घरी आणत. बटणं गुणी हो! गप पडून राहतात, कुणाचं वाईट करत नाहीत.

एका सकाळी सून आली. पाचवा महिना होता तिचा. झाकण उघडलं, दवाखान्यातून मिळालेल्या पाकिटातली रक्तवाढीची लाल गोळी अंगठ्यानं दाबून काढली आणि टाकली माझ्यात! वर बटणं सारली. मी हबकलोच. गरोदर ती, आणि औषध मला?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

महिन्याला नर्सबाई यायच्या. "रिकामी पाकिटं दाखव." सून निमूट दाखवायची. नर्सबाई खूश. "अशा सगळ्या असत्या तर माझे पाय दुखले नसते!"

"माझ्या हाताखालची आहे ती," सासूबाई फुशारायच्या. आणि मी शेजारीच, पोटभर गोळ्या घेऊन बसलेला! बोलता येत असतं तर तिथल्या तिथे ओरडलो असतो.

कापडावर खुणा करायचा खडू रोज थोडा कमी होऊ लागला. "उंदीर माजलेत मेले," सासूबाई म्हणायच्या. उंदीर कसले! सूनच कोपऱ्यात बसून कुरतडायची. नखं कागदासारखी पांढरी. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की कठडा धरून उभी.

सातव्या महिन्यात रक्त तपासलं. आधी नऊ होतं, आता साडेसहा. नर्सबाईंनी कागद दोनदा वाचला.

"गोळ्या खाऊन रक्त उतरतं कसं? चहाबरोबर घेतेस का गं? चहानं गोळी अंगी लागत नाही."

"नाही बाई, चहाबरोबर कधीच नाही," सून म्हणाली. खोटं कुठे होतं त्यात!

"उद्या सकाळी दवाखान्यात ये. हे असं सोडून चालायचं नाही."

त्याच दुपारी सासूबाईंना एक निळं बटण सापडेना. त्यांनी मला चादरीवर उपडा केला. बटणं पांगली, आणि त्यांच्यामागून लाल गोळ्यांचा ढीग. सासूबाईंनी एक गोळी उचलून सुनेपुढे धरली.

"हे काय गं?"

सून भिंतीला टेकली.

"बोल की! मूल नको होतं का तुला?"

"आई! असं कसं बोलवतं तुम्हाला?" ती रडायलाच लागली. "गोळी घेतली की शौचाला काळं व्हायचं. माझ्या बाबांना असंच काळं झालं होतं. आठव्या दिवशी गेले ते. मला वाटलं, गोळी आतून जाळतेय. बाळालाही जाळेल."

"मग सांगायचं नाही?"

"असलं कसं सांगायचं, आई? जेवायला वाढताना?"

सासूबाईंनी बटणं-गोळ्या सगळं पुन्हा माझ्यात लोटलं. मग उठल्या, मला काखेत मारलं, सुनेचा हात धरला आणि थेट दवाखाना गाठला. उद्याची वाट कोण बघतंय!

नर्सबाईंनी सगळं ऐकलं. मग माझ्यात डोकावल्या आणि त्यांचाही चेहरा उतरला.

"अगं, लोहाच्या गोळीनं काळं होतंच. सगळ्यांनाच होतं. बाबांचा आजार वेगळा असणार."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" सासूबाई कडाडल्या.

नर्सबाईंनी माझं झाकण लावलं. म्हणाल्या, "मी पाकिटं बघत बसले. हिला काही विचारलंच नाही."

डॉक्टरांनी सुनेला ठेवून घेतलं. लोह सलाइनमधून थेट शिरेत दिलं. खडू सुटला, नखांवर रंग चढला, बाळंतपणाआधी रक्त दहावर गेलं. मुलगी झाली. आवाज असा की म्हणे वॉर्डातल्या सगळ्या जाग्या झाल्या.

मी मात्र घरी गेलो नाही. बटणं काढून घेऊन सासूबाईंनी मला नर्सबाईंच्या टेबलावर आदळलं. "हा राहू दे इथे. विसराल पुन्हा."

म्हणून मी इथे आहे, त्याच गोळ्या पोटात घेऊन. नवी पोटुशी आली की नर्सबाई पाकीट देण्याआधी मला खळखळ वाजवतात. बाई दचकते. मग त्या खुर्ची जवळ ओढतात आणि हळूच सांगतात, "काळं होईल हं. घाबरायचं नाही. आणखी कसली भीती वाटतेय ते आत्ता मला सांग, डब्याला नको."