सुनेच्या खेळातली आजी

बक्षीस खेळणाऱ्याला देतात एवढं मला ठाऊक होतं. खेळालाच बक्षीस देतात, हे मला धाकट्या सुनेकडून कळलं. दरवर्षी म्हणे नवे निघालेले पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ गोळा करतात, परीक्षक ते महिनोन्‌महिने खेळून बघतात आणि जो सगळ्यात चांगला निघेल त्याच्या खोक्यावर गोल सोनेरी शिक्का लावतात. शिक्का लागला की दुकानदार ते खोकं पुढच्या फळीवर मांडतो. नाही लागला तर मागे पडून धूळ खात बसायचं. मी म्हटलं, मोठी माणसं दिवसभर खेळतात आणि वर पगार घेतात, चांगलं आहे की.

"पगार नसतो आई, हौसेनं करतात."

मग तर कमालच झाली.

ही धाकटी छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरची चित्रं काढते. संध्याकाळी घरी आली की पुन्हा पुठ्ठा, कात्री आणि गोंद. चार वर्षं आमचं अर्धं जेवणाचं टेबल तिच्या खेळानं अडवून ठेवलं होतं. माझ्या डब्यातली बटणं सोंगट्या म्हणून गेली ती गेलीच. खेळ कशाचा, तर आमच्याच घराचा. सकाळची वेळ, घरात सात माणसं आणि बाथरूम एक. आंघोळ, कपडे, नाश्ता उरकून जो आधी दाराबाहेर पडेल तो जिंकला. आमचे हे वर्तमानपत्र घेऊन आत शिरतात ते लवकर बाहेर येत नाहीत, त्याचंही पान तिनं केलं होतं, 'आजोबा आत आहेत, सगळ्यांनी थांबा.' ते पान निघालं की ह्यांच्याखेरीज सगळे हसायचे. पण सगळ्यात वाईट पान होतं पाहुण्याचं. पाहुणा ज्याच्याकडे, त्याची चाल दर खेपेला एक घर कमी, कारण तो काही ना काही मागत बसायचा. मग ज्याला त्याला घाई, कधी एकदा हा पाहुणा दुसऱ्याच्या गळ्यात मारतो.

आम्ही तो खेळ इतक्या वेळा खेळलो की थोरली सून म्हणायची, खऱ्या बाथरूमची रांग परवडली. पण मी सांगते, खेळ चांगला होता. तिच्या तोंडावर मी तसं म्हटलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तर तो खेळ शेवटच्या फेरीत पोचला आणि नेमकी तेव्हाच धाकटीला आठवा महिना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही. शेवटच्या फेरीचा नियम असा की परीक्षक स्वतः खोकं उघडणार, स्वतः नियम वाचणार आणि खेळणार. खेळ करणाऱ्याकडचं एक माणूस भिंतीशी बसून बघणार, म्हणजे नंतर 'आमचा खेळ पुरता खेळलाच नाही' अशी तक्रार नको. मात्र त्या माणसानं बोलायचं नाही, खूण करायची नाही. एक शब्द निघाला की खेळ बाद.

जेवताना विषय निघाला, जायचं कुणी? धाकटा जाऊ शकत नव्हता. त्याच्या पोटातलं सगळं चेहऱ्यावर दिसतं, परीक्षकांनी चुकीची सोंगटी उचलली तर हा तिथेच कळवळला असता. थोरला बस चालवतो, त्याला सुट्टी नव्हती, आणि थोरलीची इस्पितळातली पाळी.

"बाबांना पाठवू," थोरला म्हणाला.

"ते झोपतील. घोरणं हे बोलण्यात धरतात का, आधी विचारून घ्यावं लागेल," थोरली म्हणाली.

"मी जाते," मी म्हटलं.

सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. माझी नात, थोरल्याची मुलगी, तिला मात्र राहवलं नाही. "आजी, तिथे गप्प बसायचंय."

"मग? मला काय गप्प बसता येत नाही?"

"आत्ताच बोललीस," ती म्हणाली. "खेळ बाद."

त्यानंतर घरात माझी तालीम सुरू झाली. कुणीही काहीही बोलायचं आणि मी ऐकून घ्यायचं. थोरला म्हणाला, भाजी आज आईपेक्षा हॉटेलवाल्यानं बरी केली असती. मी सोसलं. थोरली म्हणाली, पडदे उद्या टाकून देते. तेही सोसलं. मग आमचे हे अगदी सावकाश म्हणाले, "हिची बहीण हिच्यापेक्षा चांगली गायची."

"ती? तिला सूर कशाशी खातात ते तरी माहीत आहे का?"

खेळ बाद. अखेर ह्यांनीच उपाय काढला, तोंडात लिंबाची गोळी ठेवायची. बोलावंसं वाटलं की चघळायची.

जायच्या दिवशी सकाळी धाकटीनं मला पलंगापाशी बोलावलं. पायाखाली उशी, डोळ्यांखाली काळं. "आई, एक सांगायचं होतं. तुम्ही मध्ये मावशींकडे गेला होता ना, तेव्हा मी खेळात थोडं..."

"मला काही शिकवू नकोस," मी म्हटलं. "तुझा खेळ मला तुझ्याइतकाच पाठ आहे. पड निवांत."

ती पडली. मी निघाले.

ती खोली म्हणजे एखाद्या शाळेचा वर्ग वाटावा अशी होती. मधोमध टेबल, चार खुर्च्या, भिंतीशी पाचवी, ती माझी. परीक्षक चौघे होते. एक दाढीवाला, तो सगळ्यांचा मुख्य. एक निवृत्त मास्तर, एक कॉम्प्युटरवाला पोरगेला माणूस आणि हळू आवाजात बोलणाऱ्या एक ग्रंथालयातल्या बाई. दाढीवाल्यानं मला नियम पुन्हा समजावला. मी मान हलवली आणि गोळी तोंडात टाकली.

त्यांनी खोकं उघडलं, नियम वाचले, पानं वाटली. कॉम्प्युटरवाल्यानं एक पान उचलून वाचलं, "आजी. आजी तुमच्याकडे असेल तोवर प्रत्येक चाल एक घर कमी. ती सारखी अडवून विचारते, डबा घेतलास का, रुमाल घेतलास का."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्यानं ते पान टेबलावर उताणं ठेवलं आणि मला माझ्या खुर्चीतून स्पष्ट दिसलं. कमरेवर हात, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, पुढे आलेलं हे एवढं नाक. पाहुणा गायब होता. पाहुण्याच्या जागी मी होते.

गोळी जिभेवर तशीच राहिली. ज्याला सगळे टाळतात, ज्याला दुसऱ्याच्या गळ्यात मारायला धडपडतात, ती जागा सुनेनं मला दिली होती. तीही मी बहिणीकडे गेलेली बघून.

आणि मग ती ढकलाढकली सुरू झाली.

"घ्या मास्तर, म्हातारी तुमच्याकडे."

"नको हो, आत्ताच कशीबशी काढली होती मी."

"अहो, ही तर जातच नाही."

"पटावर वृद्धाश्रमाचं घर ठेवायला हवं होतं," दाढीवाला म्हणाला आणि चौघे हसले. त्या बाई थोड्या कमी हसल्या, पण हसल्या.

माझ्या जिभेवर काय काय आलं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की मी उठून उभी राहिले असते, दोन वाक्यं बोलले असते, आणि त्या चौघांना आपापल्या आज्या आठवल्या असत्या. खेळ बाद झाला असता. व्हायलाच हवा होता, असंही मनात आलं. कर म्हणावं सूनबाईला आणखी चार वर्षं कागदकाम.

कडकन आवाज झाला. चौघांनी वळून बघितलं.

"हे बोलण्यात धरायचं का?" कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं.

"गोळी चावली त्यांनी," बाई म्हणाल्या. "धरायचं नाही."

मी दुसरी गोळी काढली. ती काढताना हाताला पिशवीत डबा लागला. धाकटीनं थोरलीकडून भरून घेतलेला, वर रुमाल बांधलेला. पलंगावर पडल्या पडल्या ही बाई माझ्या डब्याची चौकशी करत होती. तिला अशी चौकशी करायला शिकवलं कुणी? मीच. राग होता तिथेच होता, पण मी गोळी तोंडात टाकली आणि बसून राहिले. तिच्याशी भांडायचं तर घरी जाऊन, समोरासमोर भांडेन. परक्यांच्या देखत तिचा खेळ मोडणार नाही. आमच्या घरात तशी रीत नाही.

पटावर आता शेवट जवळ आला होता. पान बाईंकडे आलं. मास्तर म्हणाले, "टाका लवकर, नाहीतर मागे पडाल."

बाईंनी पान हातात धरून बघितलं. "राहू दे माझ्याकडे. किती ढकलायची तिला?"

त्या मागे पडल्याच. बाकीचे तिघे दारापाशी पोचले तेव्हा त्या अजून पटावरच्या स्वयंपाकघरातच होत्या. दारात पोचल्यावर प्रत्येकानं दाराचं एक पान उघडायचं असतं, हे मला माहीत होतं. बाहेर पडताना माणूस काय विसरला ते त्यावर लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरवाला छत्री विसरला. परत आत. मास्तर चष्मा विसरले. परत आत, आणि वाटेत 'आजोबा आत आहेत'. दाढीवाला किल्ली विसरला. तिघे उलटे फिरले आणि बाई सावकाश दारापाशी आल्या. त्यांनी पान उघडलं, वाचलं, आणि खालच्या बारीक अक्षरांसाठी डोळ्यांजवळ नेलं.

"पाकीट विसरलात, परत जा," त्यांनी वाचलं. मग थांबल्या. "पण आजी तुमच्याबरोबर असेल, तर तुम्ही काहीच विसरलेलं नाही. तिनं विचारलं होतं. सरळ बाहेर पडा."

त्यांनी सोंगटी दाराबाहेर ठेवली. माझंच बटण होतं ते, जुन्या कोटाचं.

दाढीवाल्यानं ते पान मागून घेतलं आणि स्वतः वाचून बघितलं.

"पुन्हा खेळू," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या डावात जे झालं ते बघायला घरचे सगळे तिथे हवे होते. "आजी मला द्या." "मी मागितली होती आधी." "मास्तर, तुम्ही तिला किती वेळ ठेवून घेणार?" तिच्यासाठी मागे राहायचं किती आणि तिला पुढे पाठवायचं कधी, ह्यावर चौघांची डोकी तापली. मी खुर्चीत ताठ बसले होते. तिसरी गोळी लागलीच नाही.

डाव संपल्यावर सही घ्यायला दाढीवाला माझ्यापाशी आला. मी चौथीपर्यंत शिकलेली, सही सावकाश करते, तो थांबला. मग म्हणाला, "आता बोलायला हरकत नाही. काही सांगायचंय?"

"माझं नाक एवढं मोठं नाही," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे बघितलं, आणि कानापर्यंत लाल झाला. वृद्धाश्रम आठवला असणार. बाईंनी पान उचलून माझ्या चेहऱ्याशेजारी धरलं. "थोडंसं आहे," त्या म्हणाल्या.

घरी आले तर धाकटी पलंगावर उठून बसलेली, कुणाचं ऐकेल तर शपथ. "बोललात का?"

"नाही."

"पान बघितलंत?"

"बघितलं. मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता." चादरीची कडा बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "सकाळी सांगणार होते. तुम्ही म्हणालात, शिकवू नकोस."

मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला, त्यातलं निम्मं तसंच होतं. "खा. आणि पाय वर घे."

निकाल लागला तोवर घरात आठवं माणूस आलं होतं. मुलगी. आवाज माझ्यावर गेलाय असं सगळे म्हणतात, मला त्यात काही वावगं दिसत नाही. घरी बसून खेळायच्या खेळांमध्ये आमचा खेळ त्या वर्षीचा पहिला आला. पुढच्या आठवड्यात छापखान्यातून नमुन्याचं नवं खोकं आलं, सोनेरी शिक्का लावलेलं. मी चष्मा लावून बघितलं. खोक्याच्या चित्रात मी वरच्या खिडकीतून सगळ्यांवर नजर ठेवून आहे, आणि शिक्का नेमका खिडकीवर.

"बघा आई, नाक झाकलं गेलं," धाकटी म्हणाली. "तुमचीच तक्रार होती."

"काढ तो तिथून."

"मोठं आहे म्हणत होता ना?"

"आहे तेवढं आहे. दुकानात लोकांना ओळखू यायला नको मी? शिक्का खाली लाव, बाथरूमच्या दारावर."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तिथे आत मी आहे."

"मग राहा की आत," मी म्हटलं. "एरवी तरी कुठे बाहेर येता?"